चुना गच्चीला लागू द्या

नवतपा लागायला चार दिवस होते. नागपुरात पारा ४४ वर गेलेला, आणि आमचा एसी दोन दिवसांपासून नुसता वारा फेकत होता. शेजारचे एक स्नेही आले. निवृत्त अभियंते, हिशोबाला पक्के. त्यांनी रिमोट दोनदा दाबून पाहिला, खाली ठेवला आणि निकाल दिला, "२०१४ चं मशीन आहे हे. याच्यावर आता एक रुपया घालू नका. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका, फाइव्ह स्टार इन्व्हर्टर घ्या. बिलातूनच पैसे वसूल होतात."

हा लेख म्हणजे त्या निकालावरचं अपील आहे. निकाल एकट्या स्नेह्यांचा असता तर चहावर मिटला असता. पण हेच वाक्य दुकानदार बोलतो, जाहिरात बोलते, लग्नात भेटलेला आतेभाऊ बोलतो. उन्हाळा आला की मध्यमवर्गीय घरात जुनं यंत्र म्हणजे अडाणीपणा आणि नवं यंत्र म्हणजे शहाणपण, असं सरळ समीकरण मांडलं जातं. मला ते मान्य नाही.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती कच्ची नाही. एक, नवं यंत्र तेवढ्याच गारव्याला खरोखर कमी वीज घेतं. दोन, जुन्या यंत्रात आर-२२ वायू आहे, तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून पर्यावरणासाठीही ते गेलेलं बरं. तीन, जुनं यंत्र दरवर्षी गॅस मागतं, म्हणजे दुरुस्ती हा भोक पडलेला खिसा. चार, राहिला कूलर, तर तो आता गरिबाघरची वस्तू. चारही मुद्द्यांत थोडंथोडं खरं आहे. आणि थोडंथोडं खरं असलेलंच महागात पडतं.

हिशोबापासून सुरुवात करू, कारण स्नेह्यांचा भर त्यावरच होता. एसीवरचे तारे देते ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो, म्हणजे बीईई. वर्षभरात यंत्राने किती उष्णता बाहेर काढली आणि त्यासाठी किती वीज घेतली, या भागाकारावरून तारे ठरतात. हे तारे आकाशातल्यासारखे स्थिर नसतात. २०१८ च्या तक्त्यात भागाकार ४.५ आला की पाच तारे मिळत. जुलै २०२२ पासून पाच ताऱ्यांना ५ लागू लागले, आणि ४.५ चं यंत्र चार ताऱ्यांवर उतरलं. यंत्र तेच, वीजही तेवढीच. तेव्हा "माझा तीनच स्टारचा आहे हो" म्हणून कानकोंडं होण्याआधी कोणत्या सालचे तीन, ते बघावं.

त्याच लेबलवर वर्षाला इतके युनिट, असा आकडा असतो. तो १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. दुकानात तो आकडा दाखवतात, तास सांगत नाहीत. आता आमचा एसी घ्या. दीड टन, भागाकार ३.१ च्या आसपास. १६०० तास चालला तर वर्षाला साधारण १२५० युनिट खाईल. तेवढंच काम ५ चं यंत्र ७७५ युनिटांत करील. फरक ४७५ युनिटांचा. ऐकायला भरघोस. पण आम्ही वर्षात एसी लावतो फार तर ८० रात्री, रात्रीला सहा तास. झाले पाचशेही नाहीत. म्हणजे खरा फरक दीडशे युनिटांचा. युनिटला सरसकट १० रुपये धरले तर वर्षाला १५०० रुपये वाचले. नवं यंत्र बसवून घेईपर्यंत ४५ हजारांच्या घरात जातं. भागाकार करा, ३० वर्षं! उन्हाळ्यात बिल वरच्या टप्प्यात जातं, दर चढतो, हे मान्य करून युनिटला १५ रुपये धरले तरी २० वर्षं. इतकी वर्षं तो नवा एसी टिकणार आहे का? आणि हेच ४५ हजार बँकेत मुदत ठेवीत ठेवले, सहा टक्के मिळाले, तरी व्याज वर्षाला २७०० रुपये येतं. वीज वाचवून जेवढं मिळणार, त्याहून जास्त काहीही न घेता मिळतं.

इन्व्हर्टर यंत्राची एक किंमत तर लेबलवर लिहिलेलीच नसते. त्याचा सगळा मेंदू एका इलेक्ट्रॉनिक पाटीत असतो, मेकॅनिक तिला नुसतं पीसीबी म्हणतात. आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे वादळी पावसात लाइट जाते आणि येताना दणका देऊन येते, तिथे ती पाटी पहिली जळते. वॉरंटी संपल्यावर ती गेली की एकाच फटक्यात चार-पाच वर्षांची वीजबचत परत जाते, आणि कंपनीने मॉडेल बंद केलेलं असेल तर पाटी मिळतही नाही. ज्या यंत्राचा सुटा भाग मिळत नाही त्याच्या पाच ताऱ्यांचं काय करायचं?

आता आर-२२. हा वायू वाईटच. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जग तो सोडत आलं आहे, आणि भारतातूनही तो २०३० पर्यंत जवळजवळ हद्दपार व्हायचा आहे. पण तो वाईट केव्हा? बाहेर सुटला तर. तांब्याच्या बंद नळीत फिरत असेपर्यंत तो कुणाच्या ओझोनला हात लावत नाही. मग एक्स्चेंजमध्ये गेलेल्या एसीचं पुढे काय होतं, ते बघा. कायद्याने त्यातला वायू रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये ओढून घ्यायला हवा. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांत एसीही येतो. प्रत्यक्षात मी भंगारवाल्याला पकडीने नळी कापताना पाहिलं आहे. फुस्स असा आवाज येतो, पाच-दहा सेकंद पांढरी वाफ दिसते, आणि मग तो तांबं वजनकाट्यावर टाकतो.

त्या फुस्सचाही हिशोब मांडता येतो. एक किलो आर-२२ शंभर वर्षांत पृथ्वी जितकी तापवतो, तितकी तापवायला सुमारे १८०० किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. दीड टनाच्या एसीत तो साधारण किलोभर असतो. आपल्याकडे एक युनिट विजेमागे सरासरी सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे माझी दीडशे युनिटांची बचत वर्षाला १०५ किलो वाचवणार, आणि भंगाराच्या दुकानातला तो एक फुस्स फेडायला मला १७ वर्षं लागणार. ज्याला पर्यावरणासाठी जुना एसी काढायचा आहे त्याने दुकानदाराला एकच विचारावं, "यातला गॅस कोण काढणार, आणि कशाने?" उत्तर आलं नाही, तर पर्यावरणाचं नाव घेऊ नये.

तिसरा मुद्दा दरवर्षीच्या गॅसचा, आणि इथे मला माझीच फजिती सांगितली पाहिजे.

स्नेही गेल्यावर मी एका सर्व्हिस सेंटरला फोन केला. मुलगा आला. जाळी काढली, हात धरून पाहिला आणि म्हणाला, "गॅस संपलाय. अडीच-तीन हजार लागतील. पण काका, मशीन जुनं आहे, बदलूनच टाका." मीटर लावला नाही, गेज लावला नाही. हात धरूनच कळलं.

गॅस संपत नसतो. एसीतला वायू म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही, त्याच नळ्यांतून वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. बहुतेकदा नळी जिथे नटाने जोडलेली असते तिथे. साबणाचा फेस लावला की बुडबुडा दिसतो. गळती न शोधता दरसाल गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. तेव्हा दुरुस्ती महाग असते हा आरोप खोट्या दुरुस्तीवर आहे. खऱ्या दुरुस्तीने त्याची शिक्षा का भोगावी?

दुसऱ्या दिवशी वस्तीतला एक जुना मेकॅनिक बोलावला. तो आधी आत आलाच नाही, सरळ गच्चीवर गेला. बाहेरचं युनिट पाहिलं आणि हसला. उन्हाचा त्रास नको म्हणून मार्चमध्ये मीच त्याच्याभोवती हिरवी जाळी गुंडाळली होती, चांगली दुहेरी. "भाऊ, हे काय केलं तुम्ही? याला स्वेटर घातलं?" त्याने जाळी सोडली. मागच्या कॉइलवर धूळ, कापूस आणि कबुतराची पिसं यांची गोधडी जमली होती. त्याने वायरीभोवती क्लॅम्प मीटर धरला, साडेदहा अँपिअर. मग युनिट बंद करून कॉइलला आतून बाहेर पाण्याचा फवारा मारला. गच्चीवर काळं पाणी वाहिलं. सुकल्यावर पुन्हा चालू केलं, आठ अँपिअर. पाऊण तासात खोली गार. घेतले आठशे रुपये, आणि जाताना म्हणाला, "गॅस कुठंच गेला नव्हता. गरम हवा अटकली होती."

बाहेरच्या युनिटचं काम खोलीतली उष्णता रस्त्यावर टाकणं. मी त्याचं तोंड बांधलं होतं. तीच तापलेली हवा ते पुन्हा आत ओढत होतं, आणि कॉम्प्रेसर धापा टाकत होता. आमच्या कॉलनीत मी मोजलं, नऊ घरांत युनिट बंद डक्टमध्ये, लोखंडी पेटीत किंवा एकमेकांच्या तोंडासमोर बसवलेलं आहे. तिथे उद्या पाच तारे असलेलं यंत्र आणलं तरी तेही धापाच टाकेल. लेबलवरचा आकडा प्रयोगशाळेतल्या मोकळ्या हवेचा असतो, तुमच्या डक्टचा नसतो. आतली जाळी ही तर आठ-पंधरा दिवसांनी नळाखाली धरायची गोष्ट. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजाप्रमाणे घाणीने तुंबलेली जाळी बदलल्यानेच ५ ते १५ टक्के वीज वाचते. नवं यंत्र घेणाऱ्याला जाळी धुवायची नसते, म्हणून तर तो नवं यंत्र घेतो.

पण माझं खरं भांडण याहूनही वर आहे. अक्षरशः वर, स्लॅबशी.

एसी टनात का मोजतात? बर्फावरून. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टन. दीड टनाचा एसी म्हणजे दिवसाला साडेतेराशे किलो बर्फ. एवढा बर्फ दहा बाय बाराच्या खोलीत कशाला लागतो? कारण डोक्यावर त्याच मापाचा तवा आहे. मे महिन्याच्या दुपारी सपाट गच्चीच्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. दहा बाय बाराची गच्ची ११ चौरस मीटर भरते, म्हणजे तिच्यावर दहा-अकरा इस्त्र्या एकदम चालू असाव्यात इतका ताप. करडा, काळवंडलेला स्लॅब त्यातला बहुतेक गिळतो आणि दिवस मावळल्यावर खाली सोडत बसतो. रात्री दहाला पंखा लावला की तो हवा नाही, आच खाली ढकलतो. आपण आधी तवा तापवतो, मग त्याखाली बर्फ ओततो, आणि बर्फाचं मशीन किती ताऱ्यांचं घ्यावं यावर वाद घालतो.

आपल्याकडे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मराठवाडा-सोलापूरकडच्या माळवदाच्या घरांत हातभर मातीचं छत ऊन खाली येऊच देत नसे. कौलारू घराच्या माळ्यावर तापलेली हवा वरच्या वर निघून जाई. मग स्लॅब आला. स्लॅबचे फायदे आहेतच, पण त्याने छत्री काढून तवा ठेवला. यावरचा साधा उतारा म्हणजे पांढरा चुना. होळी झाली की विरवलेला चुना, त्यात थोडा गोंद, दोन हात. खर्च काही शे रुपये. पावसात धुपतो, म्हणून दरवर्षी लावावा लागतो. हीच त्याची बदनामी. कायमचं हवं असेल तर पांढऱ्या फुटक्या लाद्यांचं चायना मोझॅक आहे, परावर्तक रंग आहेत.

हे आजीबाईचं शहाणपण म्हणून सोडून देऊ नका. अहमदाबादच्या उष्णता आराखड्यात गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याचं कलम आलं, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं. घरांसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय संहितेत, इको निवास संहितेत, छतातून किती उष्णता आत यावी याला मर्यादा घातली आहे. मार्च २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण आराखड्यातही पहिलं उद्दिष्ट यंत्र विकण्याचं नाही. २०३७-३८ पर्यंत थंडाव्याची गरजच २० ते २५ टक्क्यांनी कमी करायची, असं तो म्हणतो. आधी घर गार करा, मग उरलेलं यंत्रावर सोपवा, हा क्रम सरकारी कागदालासुद्धा कळलेला आहे.

चौथा मुद्दा कूलरचा. तो मागास म्हणणाऱ्याला मी ओल्या फडक्याचं गणित सांगतो. ४४ तापमान आणि १५ टक्के दमटपणा असलेल्या नागपुरी दुपारी ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक २३ च्या जवळ उतरतो. चांगल्या ताट्यांचा कूलर त्या वाटेवर बराच खाली येतो आणि २७-२८ ची हवा आत देतो. पंखा आणि टुल्लू पंप मिळून वीज लागते दोनशे-अडीचशे वॉट, आमचा एसी दीड हजाराच्या वर खातो. वर ती हवा ताजी असते. मग कूलर "काम करत नाही" असं लोक का म्हणतात? कारण ते दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात. समोरची खिडकी उघडी नसेल तर दमट हवा जाणार कुठे? ताट्या तीन-तीन उन्हाळे बदलत नाहीत. बोअरच्या जड पाण्याने त्यांवर क्षारांचा पापुद्रा धरतो आणि हवा आरपार जाईनाशी होते. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची असते, नाहीतर तिथे डेंग्यूचे डास जन्मतात. हे एवढं करायचं नाही, आणि दोष मात्र कूलरला.

मी कूलरचा भक्त नाही. मृगाचा पाऊस पडला की तोच कूलर अंगाला चिकटतो. मुंबई-कोकणात तर तो बाराही महिने निरुपयोगी, तिथली हवा आधीच ओली आहे. मोठा कूलर भर दुपारी तासाला पंधरा-वीस लिटर पाणी पितो. ज्या गावात टँकरची वाट पाहतात तिथे त्याची शिफारस करायला माझी जीभ रेटणार नाही. ज्याचा एसी मुंबईत आठ महिने रात्रभर चालतो, ज्याच्या बाहेरच्या कॉइलला खाऱ्या हवेने चाळणी केली आहे, त्याने नवा घ्यावाच. वर्षाला १६०० तास वापरणाऱ्याला माझ्याच हिशोबाने साडेनऊ वर्षांत पैसे परत मिळतात. पहिल्यांदाच घेणाऱ्यानेही चांगला भागाकार बघूनच घ्यावा. आणि एसी म्हणजे चैन, आमच्या वेळी नव्हता, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मला बसवू नका. त्यांच्या वेळी स्लॅबखालचा चौथा मजला नव्हता, आणि अंगणात बाजा टाकून झोपायची सोय होती. ऐंशी वर्षांच्या आईला नवतप्यात गार खोली लागते. ती गरज आहे. म्हणूनच ती खोली कशी गार करायची, हा निर्णय जाहिरातीवर सोडण्याइतका हलका नाही.

माझं म्हणणं एवढंच, की "अपग्रेड" या शब्दाचा अर्थ नवी पेटी असा आपण करून ठेवला आहे. गच्ची पांढरी करणं, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून ताटी लावणं, कॉइल धुणं, गळती शोधणं, जुना ७५ वॉटचा पंखा काढून तिशीतला बीएलडीसी पंखा लावणं, हेही अपग्रेडच आहे. फक्त त्याला एक्स्चेंज ऑफर नसते, त्याचा हप्ता बसत नाही, आणि त्याचा खोका शेजाऱ्याला दिसत नाही.

अपिलात पुरावा लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्नेह्यांना दुपारी दोन वाजता गच्चीवर नेलं. आमच्या खोलीवरचा चौकोन चुन्याने पांढरा होता, बाकीचा स्लॅब तसाच. म्हटलं, चपला काढा. पांढऱ्यावर ते उभे राहिले, इकडचं-तिकडचं बोलले. मग एक पाऊल करड्या स्लॅबवर टाकलं आणि तव्यावर हात पडावा तसं मागे घेतलं. काही बोलले नाहीत. जिन्यात विचारलं, चुना कुठून आणला.

मी दुकान सांगितलं. एसीचं काय ठरलं ते विचारलं, तर म्हणाले, ऑफर तीस तारखेपर्यंत आहे, बघू. मी म्हटलं, बघा. चुना लागायचाच असेल, तर आधी गच्चीला लागू द्या.